चुंबकाच्या आत बाण उलटत नाही, पुढेच जात असतो

प्रश्न असा आला होता. मुलगी दहावीत आहे, पुस्तकात पट्टीचुंबकाच्या बाहेर बाण उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे काढलेत आणि आत दक्षिणेकडून उत्तरेकडे. ती विचारते, आत शिरल्यावर दिशा उलटी का होते, आणि उत्तर ध्रुवातून नेमकं बाहेर पडतं तरी काय? वडिलांनी हौसेने जुन्या स्पीकरमधली काळी रिंग आणि एक छोटं होकायंत्र घेऊन घरीच तपासायला घेतलं, तर रिंगच्या भोकाजवळ सुई पुस्तकाच्या बरोबर उलटी फिरली. आता दोघांचाही पुस्तकावरचा विश्वास उडालाय.

पुस्तक बरोबर आहे, आणि तुमची सुईपण बरोबरच आहे (बहुतेक, त्यावर पुढे येतो). मी काही शिक्षक नाही, भोसरीला एका छोट्या शॉपमध्ये २६ वर्षं चुंबकांचंच काम करतोय, कच्चा चुंबक आणायचा, मॅग्नेटायझरमधून शॉट मारायचा (म्हणजे कॉइलमध्ये ठेवून क्षणभर जोरदार करंट सोडायचा), कुठली बाजू एन कुठली एस ते मार्क करायचं आणि सेन्सरवाल्याला, मोटारवाल्याला द्यायचं. त्यामुळे हा बाण माझ्यासाठी परीक्षेतला एक मार्क नाही, तो चुकला तर माल परत येतो. एकदा आलाय पण. पुढे लिहिताना उत्तर ध्रुवाला एन आणि दक्षिण ध्रुवाला एस म्हणतो, आम्ही तसंच बोलतो.

पहिली गोष्ट म्हणजे एनमधून काहीच बाहेर पडत नाही. पाण्याच्या नळासारखं इकडून निघालं तिकडे शिरलं असं काही वाहत नसतं तिथे. बाण म्हणजे फक्त एक नोंद आहे: या जागी छोटी चुंबकसूची ठेवली तर तिचं उत्तरेकडचं टोक, म्हणजे लाल टोक, कुठे तोंड करून थांबेल. बस. एका जागी सुई ठेवली, लाल टोक जिकडे गेलं तिकडे छोटा बाण काढला, बाणाच्या टोकाशी परत सुई ठेवली, परत बाण काढला, असे बाण जोडत गेलात की जी रेघ तयार होते ती बलरेषा. एनजवळ लाल टोक ढकललं जातं म्हणून बाण एनपासून लांब जाणारा, एसजवळ लाल टोक ओढलं जातं म्हणून बाण एसकडे येणारा. "बाहेर एनकडून एसकडे" हे वाक्य एवढ्यातूनच आलंय, त्यात गूढ काही नाही. उद्या जगाने ठरवलं की सुईचं दुसरं टोक बघायचं तर सगळे बाण उलटे होतील, उजव्या हाताचे नियम डाव्या हाताचे होतील आणि तुमचा पंखा मात्र आहे त्याच दिशेला फिरत राहील.

ही सुईची युक्ती फार जुनी आहे. पेट्रस पेरेग्रिनस नावाच्या फ्रेंच माणसाने १२६९ साली एका पत्रात लिहून ठेवलंय, गोल घासलेल्या चुंबकदगडावर सुई ठेवायची, ती थांबेल तशी रेघ मारायची, मग दुसरीकडे ठेवायची, आणि सगळ्या रेघा समोरासमोरच्या दोन ठिकाणी येऊन मिळतात. त्या दोन ठिकाणांना ध्रुव त्यानेच म्हटलं. म्हणजे आधी सुया, त्यातून रेघा आणि मग ध्रुव. आपण शाळेत नेमकं उलटं शिकतो, आधी ध्रुव रंगवून देतात आणि मग रेघा पाठ करायला लावतात, गोंधळ तिथूनच सुरू होतो असं माझं मत.

"बलरेषा" हा शब्दही जरा फसवा आहे. त्या रेघेच्या दिशेने बल लागतं असं वाटतं ना? खिळा घ्या. खिळा एनलाही चिकटतो आणि एसलाही तेवढाच चिकटतो, त्याला बाणाशी देणंघेणं नाही, तो जिकडे चुंबकीय क्षेत्र जास्त दाट तिकडे ओढला जातो. तारेतून करंट जात असेल तर तारेला धक्का बसतो तो रेघेला काटकोनात. रेघेच्या दिशेने वळते ती फक्त सुई. लोहकीस टाकून जी सुंदर नक्षी येते त्यात म्हणूनच दिशा दिसत नाही, कीस फक्त रेघ दाखवतो, बाण कुठल्या टोकाला काढायचा हे त्याला माहीतच नसतं. कीस करायचाच असेल तर ग्राइंडरखालची बारीक पूड घ्या, चुंबक आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला (नाहीतर आयुष्यभर पूड काढत बसाल, मी बसलोय), वर जाड कार्ड ठेवा, पूड भुरभुरवा आणि पेन्सिलने कार्डावर हलकेच टिचक्या मारा. आणि दोन रेघांच्या मधे मोकळी जागा दिसली म्हणून तिथे क्षेत्र नाही असं समजू नका, कीस एकमेकांना चिकटून साखळ्या होतात आणि त्या साखळ्या एकमेकींना बाजूला ढकलतात म्हणून ती फट दिसते.

आता तुमच्या सुईबद्दल. सुई ही साक्षीदार आहे आणि साक्षीदार फितूर होऊ शकतो, हे मला माझ्या चुकीने कळलं. स्वस्तातल्या होकायंत्राची सुई म्हणजे साध्या स्टीलची पातळ पट्टी, ती निओडिमियमच्या (फार ताकदवान) चुंबकाला अगदी टेकवली तर सुईचंच चुंबकत्व उलटं होऊ शकतं. लाल टोक दक्षिणेला. आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही, सुई आधीसारखीच छान डुलत असते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे दाराच्या सेन्सरसाठी छोट्या चकत्या होत्या, ६०० नग, प्लास्टिकच्या हाउसिंगमध्ये अॅराल्डाइटने चिकटवून द्यायच्या, एस बाजू बाहेर. बाजू का महत्त्वाची, तर समोर जो हॉल स्विच (चुंबक जवळ आला की चालू होणारा सेन्सर) असतो तो बरेचदा एकाच ध्रुवाला दाद देतो, साधारण त्याच्या छापील तोंडासमोर एस आला तरच तो चालू होतो, एन आणला तर ढिम्म. पोराने आदल्या संध्याकाळी टेबल आवरताना होकायंत्र चुंबकांच्या ट्रेमध्ये टाकलं, सकाळी मी तेच उचललं आणि मुकाट्याने पेंट मार्करने ठिपके मारत सुटलो. सगळा लॉट उलटा चिकटला. कस्टमरचा फोन आला की तुमचा एकही पीस स्विच होत नाही, मी म्हणालो तुमचं सर्किट बघा. दोन दिवस त्यांनी सर्किट बघितलं बिचाऱ्यांनी. शेवटी हाउसिंगमध्ये बाकी काही इलेक्ट्रॉनिक नव्हतं म्हणून वाचलो, सगळे नग कॉइलमध्ये उलटे घालून परत शॉट मारले आणि पाठवले. तेव्हापासून भिंतीवर एक होकायंत्र टांगलेलं आहे त्याला कोणी हात लावायचा नाही, रोज सकाळी कामाचं होकायंत्र त्या समोर धरून बघायचं.

तर तुम्हीही आधी एवढं करा, होकायंत्र घेऊन गच्चीवर जा, लोखंडी टाकी, ग्रिल, गाडी यांच्यापासून लांब, आणि लाल टोक खरंच उत्तरेकडे जातंय का बघा. उत्तर कुठे हे रात्री ध्रुवतारा बघून ठरवा किंवा नकाशावर तुमचा रस्ता बघून. महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जेमतेम आहे, तो विसरलात तरी चालेल.

होकायंत्रच नको असेल तर चुंबक दोऱ्याने आडवा टांगा आणि शांत होऊ द्या, जी बाजू उत्तरेकडे बघते ती एन. व्याख्याच ती आहे. रंगावर जाऊ नका, आपल्याकडे एन लाल हे चालतं पण सगळीकडे सगळे पाळतात असं नाही. आणि ते मॅग्नेट थेरपीवाले पट्टे, गाद्या वगैरे असतात त्यांच्यात तर "उत्तर" म्हणून बरेचदा जी बाजू लिहिलेली असते ती फिजिक्सच्या हिशोबाने दक्षिण असते, त्या लोकांची नाव द्यायची पद्धतच उलटी आहे. (त्याने गुडघे बरे होतात का हा वेगळा विषय, मला विचाराल तर नाही.)

मोबाईलही चालतो. फोनमध्ये चुंबकीय सेन्सर असतो, एखादं मॅग्नेटोमीटरचं फुकट अॅप टाका जे एक्स, वाय, झेड असे तीन आकडे मायक्रोटेस्लात दाखवतं, टोटल नाही, तिन्ही वेगवेगळे आणि प्लस-मायनससकट. कव्हरमध्ये चुंबक असेल तर कव्हर काढा. अँड्रॉइडमध्ये झेडचा बाण स्क्रीनमधून तुमच्या तोंडाकडे येणारा धरतात. फोन टेबलाच्या काठावर थोडा बाहेर काढून आडवा ठेवा आणि खालून, १०-१५ सेंटीमीटर अंतर ठेवून, चुंबकाची एक बाजू वर करून आणा. झेड प्लसमध्ये वाढायला लागला तर वर केलेली बाजू एन, मायनसमध्ये गेला तर एस. निओडिमियम फोनला टेकवू मात्र नका, सेन्सरचं कॅलिब्रेशन बिघडतं आणि मग आठचा आकडा काढत फोन हवेत फिरवत बसावं लागतं.

चुंबक आणायच्या आधीच त्या अॅपमध्ये एक गंमत बघा. फोन आडवा, वरचं टोक उत्तरेकडे. वाय साधारण प्लस ३८ आणि झेड साधारण मायनस १८-१९ च्या आसपास येईल, मुंबई-अलिबाग पट्ट्यात. म्हणजे पृथ्वीची रेघ आपल्याकडे नुसती उत्तरेकडे जात नाही, ती उत्तरेकडे जाता जाता जमिनीत घुसते, २५-२६ अंशांनी खाली. कारण पृथ्वीच्या उत्तर टोकाकडे जो ध्रुव आहे तो चुंबकाच्या भाषेत एस आहे, म्हणून तर सुईचा एन तिकडे ओढला जातो. रेघा दक्षिण गोलार्धात जमिनीतून वर येतात आणि उत्तर गोलार्धात खाली शिरतात. पृथ्वी स्वतःच चुंबक आहे हे विल्यम गिल्बर्टने १६०० साली लिहिलं. आपल्याकडे याची मोजणी कुलाब्याच्या वेधशाळेत व्हायची, मग मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या करंटने आकडे बिघडतील म्हणून १९०४ मध्ये सगळं अलिबागला हलवलं, ती वेधशाळा अजून चालू आहे. आणि हो, हा पृथ्वीचा बाणही कायमचा नाही. साधारण ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी तो शेवटचा पूर्ण उलटला, त्याआधी कितीतरी वेळा उलटलाय, सह्याद्रीच्या काळ्या कातळातले बरेचसे थर ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना तेव्हाचा उलटा बाण आत धरून बसलेत. ट्रेकला जाणाऱ्यांनी म्हणून होकायंत्र कातळावर टेकवून वाचू नये, हातात धरून वाचावं.

आता मुलीच्या मुख्य प्रश्नाकडे. आत दिशा उलटी का?

उलटी होतच नाही हो. पट्टीचुंबक टेबलावर ठेवा, एस डावीकडे, एन उजवीकडे. उजव्या टोकातून रेघ उजवीकडे बाहेर पडली, वर वळली, चुंबकाच्या डोक्यावरून डावीकडे गेली, खाली वळली, डाव्या टोकातून आत शिरली. शिरताना तिचं तोंड कुठे आहे? उजवीकडे. आणि आत ती उजवीकडेच जाते, एसकडून एनकडे, आणि परत उजव्या टोकातून बाहेर. वाड्याला प्रदक्षिणा घालणारा माणूस पुढच्या अंगणात पूर्वेकडे जातो आणि मागच्या अंगणात पश्चिमेकडे, म्हणून तो मधेच उलटा फिरला असं आपण म्हणतो का? पुस्तकातलं वाक्य "बाहेर एनकडून एसकडे, आत एसकडून एनकडे" असं दोन तुकड्यांत लिहिलंय म्हणून ते दोन नियम वाटतात. नियम एकच, रेघ कुठे सुरू होत नाही आणि कुठे संपत नाही. तिला टोक नाही. विजेच्या बाबतीत प्लस चार्जवर रेघ सुरू होते आणि मायनसवर संपते, पण चुंबकात नुसता एन किंवा नुसता एस असा सुटा कण आजवर कोणाला सापडलेला नाही, त्यामुळे रेघेला संपायला जागाच नाही, तिला फिरून यावंच लागतं.

पण हे "आत" बघितलंय कोणी, असं ती विचारेल आणि विचारलंच पाहिजे. घन चुंबकात सुई कशी घालणार. आम्ही दुकानात हे दोन चकत्यांनी दाखवतो. निओडिमियमच्या दोन चकत्या, २० मिमी व्यास, १० मिमी जाडी, साधा एन-३५ ग्रेड. एक चकती घेतली, तिच्या एन तोंडावर मधोमध गाऊसमीटरचं (क्षेत्र किती जोराचं ते मोजणाऱ्या यंत्राचं) पट्टीसारखं पातळ प्रोब टेकवलं, आकडा येतो साधारण ४,००० गाऊस, समजा प्लसमध्ये. आता दुसरी चकती त्याच दिशेने म्हणजे एस तोंड खाली करून वर आणायची, मधे २ मिमीचा पितळी तुकडा ठेवायचा म्हणजे त्या एकमेकींवर आदळून प्रोबचा चुरा करणार नाहीत (आणि बोटाचाही), आणि त्या फटीत प्रोब सरकवायचं. आकडा ७,५०० च्या पुढे, आणि चिन्ह तेच, प्लस. कमी नाही झाला, उलटा तर नाहीच नाही. फट पातळ करत गेलात तर आकडा वाढत जातो. आता विचार करा, फट शून्य केली की या दोन चकत्या म्हणजे एकच जाड चुंबक, आणि ती फट म्हणजे त्याचं पोट. पोटातली दिशा खालच्या चकतीच्या एनकडून वरच्या चकतीच्या एसकडे, म्हणजेच पूर्ण चुंबकाच्या एसकडून एनकडे. मग तेच प्रोब तसंच धरून बाहेर, गठ्ठ्याच्या कडेला आणायचं. आकडा लगेच मायनस. तिथे रेघ परत येतेय.

घरी गाऊसमीटर नसतो हे मान्य. मग कॉइल करा. पाऊण-एक इंची पीव्हीसी पाइपचा १० सेंटीमीटरचा तुकडा, त्यावर एनॅमलच्या तारेचे १०० वेढे एकाच दिशेने, एक अँपिअर करंट. टॉर्चच्या सेलने थोडाच वेळ द्या, तार आणि सेल दोन्ही तापतात. पाइप पूर्व-पश्चिम ठेवा. पाइपच्या आत कीचेनवालं छोटं होकायंत्र दोऱ्याने सरकवलं की बघता येतं, आतलं क्षेत्र पृथ्वीच्या आडव्या क्षेत्राच्या तीसेक पट असतं, सुई खाडकन वळते. आधी बाहेरून सुई फिरवून कॉइलचा एन कुठला ते ठरवा, मग आत बघा. आत लाल टोक कॉइलच्या एनकडेच तोंड करून असतं, म्हणजे बाण एसकडून एनकडे. इथे मुलांची एक ठरलेली चूक होते, ती म्हणतात की लाल टोक एन, कॉइलचं ते टोकही एन, मग ढकललं जायला पाहिजे ना? नाही, तो ढकलण्या-ओढण्याचा हिशोब बाहेरून बघणाऱ्यासाठी होता. आत असताना फक्त रेघ बघायची.

आणि पट्टीचुंबक हा कॉइलचाच भाऊ आहे. १८२० साली ओर्स्टेडला कोपनहेगनमध्ये दिसलं की करंटच्या तारेजवळ सुई हलते, त्यानंतर काही महिन्यांतच अँपिअरने सांगायला सुरुवात केली की चुंबकातही आतल्या आत फिरणारे बारीक करंट असणार. आज आपण म्हणतो इलेक्ट्रॉनचा स्पिन, पण हिशोबाला फरक पडत नाही. असे अब्जावधी बारीक भोवरे एकाच दिशेने फिरतायत, शेजारच्या दोघांच्या सामाईक कडेवर ते एकमेकांना खोडतात, आणि शिल्लक राहतो तो फक्त चुंबकाच्या बाहेरच्या सालीवरून गोल फिरणारा करंट. उजव्या हाताची बोटं त्या करंटच्या दिशेने वळवा, अंगठा एनकडे. आमच्या मॅग्नेटायझरच्या कॉइलवर म्हणूनच एन असं खडूने लिहिलेलं नसतं, बोटं वळवून बघायची सवय लावतो आम्ही.

रेघा आतूनही जातात आणि आत-बाहेर तेवढ्याच असतात, हे फॅरेडेने १८५१ मध्ये तार चुंबकाच्या आतून नेऊन, फिरवून, गॅल्व्हानोमीटरवर बघून ठरवलं. चुंबक कापायची गरज पडली नाही. लोहकीस सगळेच दाखवतात, हा प्रयोग कोणी सांगत नाही.

इथे कोणी इंजिनिअरिंगचा मुलगा वाचत असेल तर तो हात वर करेल की आमच्या सरांनी तर आतही बाण एनकडून एसकडे काढला होता. सरही बरोबर आहेत. दोन वेगळ्या राशी आहेत, बी आणि एच, दोन्हींना चुंबकीय क्षेत्रच म्हणतात म्हणून गोंधळ होतो. बाहेर हवेत दोघांची दिशा एकच. आत मात्र बी एसकडून एनकडे जातो आणि बाहेरून काही लावलेलं नसेल तर एच एनकडून एसकडे, म्हणजे चुंबकाच्या स्वतःच्या बाणाच्या विरोधात, त्यालाच आम्ही डिमॅग फील्ड म्हणतो. पातळ चकतीत ते जास्त, लांब कांडीत कमी, म्हणून पातळ चकती गरम झाली की लवकर मरते, साध्या ग्रेडचं निओडिमियम ८० अंशांच्या वर नेऊ नका म्हणतात ते यासाठीच. दहावीला याची गरज नाही. दहावीला बी काढायचा, बंद वळसा, आत-बाहेर सलग, रेघा एकमेकींना छेदणार नाहीत (छेदल्या तर त्या जागी सुई दोन दिशांना एकदम तोंड कशी करेल), टोकांपाशी दाट. एवढं.

आता तुमची रिंग, ज्याच्यासाठी खरं तर मी लिहायला बसलो.

स्पीकरची रिंग जाडीच्या दिशेने चुंबकीय केलेली असते, एक सपाट तोंड एन, दुसरं एस. लोखंडी प्लेटा काढलेल्या असतील असं धरतो, त्या असतील तर सगळा खेळच वेगळा. तुम्ही एन तोंडाकडून भोकाच्या समोर होकायंत्र नेलंत, अपेक्षा होती की लाल टोक बाहेर ढकललं जाईल, आणि ते तर भोकात तोंड घालून बसलं. मग तुम्हाला वाटलं की ही बाजू एस असणार, दुसऱ्या बाजूने बघितलं तर तिकडे लाल टोक बाहेर. दोन्हीकडे पुस्तकाच्या उलटं.

पण भोक हे चुंबकाचं "आत" नाहीच. भोक म्हणजे बाहेर. चुंबकाचा माल फक्त त्या काळ्या कड्यात आहे. कड्याच्या एन तोंडातून रेघा वर येतात, त्यातल्या काही बाहेरच्या बाजूने वळसा घालून खालच्या एस तोंडाशी जातात, आणि काहींना जवळचा रस्ता भोकातून सापडतो, त्या आतल्या बाजूला वळून भोकातून खाली उतरतात. बाहेर एनकडून एसकडे, अगदी पुस्तकातल्यासारखं. आणि हे कॉइलच्या पाइपपेक्षा वेगळं का, तर कॉइलला करंटची एकच साल असते आणि आपण तिच्या पोटात असतो. रिंगला दोन साली, बाहेरच्या कडेवरून एका दिशेने फिरणारा करंट आणि भोकाच्या कडेवरून उलट्या दिशेने फिरणारा. भोकात उभं राहिलं की आतली साल जवळ असते, तिचंच चालतं. लांब गेलात की बाहेरची मोठी साल जिंकते.

मग मधे कुठेतरी दोघींची बरोबरी व्हायला पाहिजे ना? होते, आणि ती हाताने सापडते. रिंग कडेवर उभी करा, दोन्हीकडून पुस्तकांचा टेकू, अक्ष पूर्व-पश्चिम येईल अशी. भोकाच्या मध्याच्या उंचीला येईल एवढी वह्यांची चळत करा आणि तिच्यावर कीचेनवालं छोटं होकायंत्र ठेवा, मोठं नको, मोठ्याचं एक टोक एकीकडच्या आणि दुसरं टोक दुसरीकडच्या क्षेत्रात पडतं. एन तोंडापासून १५ सेंटीमीटर लांबून सुरुवात करा. लाल टोक रिंगपासून लांब बघतंय, शहाण्यासारखं. हळूहळू आत सरकवा. माझ्याकडे ६ सेंटीमीटरची रिंग आहे, ३ सेंटीमीटर भोक, तिच्यात तोंडापासून सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उरलं की सुई एकदम ढिली पडते, चुंबक एवढा जवळ असून ती निवांत उत्तर दाखवायला लागते जणू काही शेजारी काहीच नाही. आणखी चार-पाच मिलिमीटर पुढे सरकवा, लाल टोक गर्रकन फिरून भोकाकडे. तसंच भोकातून पलीकडे काढा, दिशा तीच राहते, एस तोंडाच्या बाहेर तेवढ्याच अंतरावर परत ती ढिली जागा येते आणि तिथून पुढे लाल टोक मागे वळून रिंगकडे बघायला लागतं.

त्या दोन्ही जागा पेन्सिलने खूण करून मुलीला मोजायला लावा, रिंगच्या दोन्ही बाजूंना अंतर जवळजवळ सारखं यायला पाहिजे. नाही आलं तर रिंगला कुठेतरी तडा असेल, रिंगचा तो काळा माल, फेराइट, फार ठिसूळ असतं आणि जुने स्पीकर उचकटताना हमखास तडकतं. आणि सगळं झाल्यावर होकायंत्र परत एकदा गच्चीवर नेऊन लाल टोक अजून उत्तरेलाच जातंय ना ते बघून घ्या.